खदखदणाऱ्या कणांना चुंबकाचा लगाम

चुलीवर पिठले शिजत असताना त्याच्याकडे थोडा वेळ नीट पाहावे. आच मंद असते तोवर पृष्ठभाग शांत असतो. आच वाढली, की तळाशी तयार झालेली वाफ बुडबुड्यांच्या रूपाने वर येते, पृष्ठभाग फुटतो आणि शिंतोडे उडतात. बुडबुड्यातील वाफेचा आजूबाजूच्या पिठल्याशी फारसा संबंध येत नाही. ती आपली वाट काढून सरळ निघून जाते.

रासायनिक कारखान्यांतील काही अवाढव्य पात्रांत नेमके हेच घडते. फरक इतकाच, की तेथे पिठल्याच्या जागी कोरड्या घन कणांचा थर असतो आणि वाफेच्या जागी विक्रियेसाठी सोडलेला वायू. हे बुडबुडे कसे थांबवायचे, हा प्रश्न रसायन अभियंत्यांना कित्येक वर्षे छळत होता. त्याचे एक अतिशय देखणे उत्तर चुंबकाने दिले. पण ज्या उद्योगासाठी ते शोधले गेले, तेथे ते फारसे रुजले नाही. त्याचे घर पुढे वेगळ्याच ठिकाणी सापडले. त्या उत्तराची ही कथा.

वाळू वाहू लागते तेव्हा

एका उभ्या नळीच्या तळाशी बारीक छिद्रांची जाळी बसवून तिच्यावर कोरडी वाळू भरली आणि खालून हवा सोडली, तर सुरुवातीला हवा कणांमधील फटींतून वाट काढत वर जाते. वाळू जागची हलत नाही. हवेचा वेग वाढवत नेला, की हवेने कणांवर लावलेले ऊर्ध्व बल आणि वाळूचे वजन यांची बरोबरी होते. त्या क्षणी कण एकमेकांवर रेलून राहत नाहीत. प्रत्येक कण जणू हवेवर तोलला जातो आणि सगळा थर द्रवासारखा वागू लागतो. नळी तिरकी केली तरी त्याचा पृष्ठभाग आडवाच राहतो. हलकी वस्तू त्यावर तरंगते, जड वस्तू बुडते. बाजूला भोक पाडले तर वाळू पाण्यासारखी बाहेर येते. या अवस्थेला इंग्रजीतून आलेले नाव ‘फ्लुइडाइज्ड बेड’ असे आहे. आपण त्याला ‘प्रवाही थर’ म्हणू.

यासाठी किती दाब लागतो, याचे गणित नववीतल्या विद्यार्थ्यालाही करता येईल. समजा, लोखंडाच्या कणांचा १ मीटर उंचीचा थर आहे आणि त्यातील निम्मी जागा पोकळ आहे. लोखंडाची घनता सुमारे ७,८०० किलोग्रॅम प्रति घनमीटर. म्हणजे दर चौरस मीटरवर ३,९०० किलोग्रॅमचा भार झाला. त्याला गुरुत्व त्वरणाने, म्हणजे ९.८ ने गुणले, की सुमारे ३८,००० पास्कल येतात. हा वातावरणाच्या दाबाच्या चार-दशांशापेक्षा थोडा कमी दाब झाला. थर एकदा तोलला गेला, की वायूचा वेग आणखी वाढवला तरी दाबातील ही घट जवळजवळ तेवढीच राहते, कारण उचलायचे वजन तेच असते.

अशा थराचे मोठे गुण दोन. कण सतत घुसळले जात असल्यामुळे थरात सर्वत्र तापमान जवळजवळ सारखे राहते. चुरमुरे भाजणारा गरम वाळू सारखी हलवत राहतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. दुसरा गुण असा, की घन पदार्थ असूनही तो नळातून एका पात्रातून दुसऱ्या पात्रात वाहून नेता येतो.

विंकलरपासून बॅटन रूजपर्यंत

ही किमया उद्योगात आणण्याचे श्रेय जर्मनीतील फ्रिट्झ विंकलर यांना दिले जाते. १९२१ च्या डिसेंबरात एका पात्रातील कोकच्या कणांमधून त्यांनी खालून वायू सोडला, तेव्हा कण उकळत्या द्रवासारखे हलताना दिसले. त्यातूनच कोळशापासून ज्वलनशील वायू तयार करण्याचे संयंत्र उभे राहिले आणि १९२६ मध्ये जर्मनीतील लॉयना येथे ते कारखान्यात चालू झाले.

प्रवाही थराला खरी प्रतिष्ठा मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात. जड खनिज तेलाचे मोठे रेणू तोडून त्यांपासून पेट्रोल मिळवण्यासाठी उत्प्रेरक लागतो. यूजीन हूद्री यांच्या पद्धतीत तो पात्रात स्थिर भरलेला असे. पण काही मिनिटांतच त्याच्यावर कार्बनचा थर चढे आणि उत्प्रेरक निकामी होई. मग विक्रिया थांबवायची, कार्बन जाळून टाकायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील वॉरन लुइस आणि एडविन गिलिलँड यांनी वेगळा मार्ग सुचवला. उत्प्रेरकाची बारीक भुकटी करावी, ती वायूबरोबर वाहती ठेवावी, एका पात्रात विक्रिया करावी आणि दुसऱ्यात कार्बन जाळावा. या तत्त्वावरचे पहिले औद्योगिक संयंत्र १९४२ च्या मे महिन्यात अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, बॅटन रूज येथे चालू झाले. विमानांसाठी लागणाऱ्या उच्च प्रतीच्या पेट्रोलची तेव्हा अतोनात निकड होती. पुढे ही पद्धत जगभर पसरली. मुंबईत ट्रॉम्बे-माहुल भागातील तेलशुद्धीकरण कारखान्यांतही याच कुळातील संयंत्रे चालतात.

बुडबुड्यांनी केलेला घात

इथपर्यंतची कथा यशाची आहे. पण वायूने तोललेल्या थरात एक जन्मजात दोष असतो. पाण्याने तोललेले काचेचे मणी पाण्याचा वेग वाढवला की एकमेकांपासून सारखे दूर सरकतात आणि थर शांतपणे फुगतो. वायूने तोललेला थर सहसा असा फुगत नाही. गरजेपेक्षा जास्त सोडलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने थरातून निसटतो. त्या बुडबुड्यात उत्प्रेरकाचे कण जवळजवळ नसतात. म्हणजे महागडा वायू उत्प्रेरकाला न भेटताच बाहेर पडतो. शिवाय बुडबुडे कणांना ढवळतात. त्यामुळे ताजे कण आणि वापरलेले कण, तसेच खालचा वायू आणि वरचा वायू एकमेकांत मिसळून जातात. तापमान सारखे राखायला ही ढवळाढवळ उपयोगी पडते. पण एखाद्या विक्रियेत वायू आणि कण यांनी ओळीने, टप्प्याटप्प्याने पुढे सरकायला हवे असेल, तर तीच मारक ठरते.

प्रयोगशाळेतील अरुंद नळीत हा दोष लपून राहतो, कारण तेथे बुडबुड्यांना वाढायला जागाच नसते. पात्र रुंद झाले, की बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि वेगाने वर जातात. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ब्राउन्सव्हिल येथे १९५० च्या दशकात याचा कडू अनुभव आला. नैसर्गिक वायूपासून द्रव इंधन तयार करण्यासाठी तेथे मोठा कारखाना उभारला होता. सुमारे ५ मीटर व्यासाच्या पात्रांत लोहयुक्त उत्प्रेरकाचा प्रवाही थर होता. छोट्या पथदर्शी संयंत्रात वायूचे जेवढे रूपांतर होत असे, तेवढे या मोठ्या पात्रांत होईना. दरम्यान आर्थिक गणितही फिरले आणि काही वर्षांतच कारखाना बंद पडला. रसायन अभियांत्रिकीत ‘लहान यंत्रावरून मोठे यंत्र’ करताना काय फसू शकते, याचे हे उदाहरण पुढे वारंवार सांगितले गेले.

यानंतर बुडबुड्यांचा कसून अभ्यास सुरू झाला. केंब्रिजमध्ये जॉन डेव्हिडसन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस बुडबुड्याभोवती वायू कसा फिरतो याचे गणित मांडले. हारवेल येथील पी. एन. रो यांनी थरात नायट्रोजन डायऑक्साइड या तपकिरी वायूचा बुडबुडा सोडला आणि त्याच्याभोवतीचे वायूचे वलय डोळ्यांना दिसेल असे करून दाखवले. बुडबुड्यातील वायू बराच काळ स्वतःच्याच वलयात गोल फिरत राहतो, हे त्यातून प्रत्यक्ष दिसले.

पण बुडबुडे मुळात होतातच का? १९६३ मध्ये रॉय जॅक्सन यांनी याचे उत्तर गणिताने दिले. एकसारखा पसरलेला प्रवाही थर हा मुळातच अस्थिर असतो. कोठेतरी कण किंचित विरळ झाले, की तो विरळपणा थरातून वर सरकत असताना वाढतच जातो. टोकावर उभी केलेली पेन्सिल क्षणभर तोल सांभाळते, पण अगदी हलक्या धक्क्यानेही पडते, तसाच हा प्रकार. याचा अर्थ असा, की चांगली जाळी बसवून किंवा काळजीपूर्वक भरणी करून हा दोष मुळापासून जाणार नव्हता. पेन्सिलीला बाहेरून आधार द्यायला हवा होता.

चुंबकाचा आधार

तो आधार चुंबकीय क्षेत्राचा असू शकतो, याची चाहूल आधीच लागली होती. सोव्हिएत संघातील लॅटव्हियात, रीगा येथे एम. व्ही. फिलिपोव्ह यांनी १९६० च्या सुमारास लोहचुंबकीय कणांच्या प्रवाही थरावर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम अभ्यासला. बल्गेरियात डी. जी. इव्हानोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात अमोनियाच्या उत्प्रेरकाकडे लक्ष वळवले. ही निवड समजण्यासारखी होती. अमोनिया तयार करताना लागणारा उत्प्रेरक मुळात लोखंडाचाच असतो. त्याच्यात चुंबकत्व बाहेरून आणावे लागत नाही.

या सगळ्यामागचे तत्त्व काटेकोरपणे मांडले ते रोनाल्ड रोझेन्स्वाइग या अमेरिकन शास्त्रज्ञाने. त्यांचा आधीचा विषय होता चुंबकीय द्रव. तेलात किंवा पाण्यात चुंबकीय पदार्थाचे अतिसूक्ष्म कण विखरून ठेवले, की सगळा द्रवच चुंबकाकडे खेचला जातो. असा द्रव १९६३ मध्ये नासातील स्टीव्ह पॅपेल यांनी तयार केला होता. वजनरहित अवस्थेत रॉकेटचे इंधन चुंबकाने ओढून घेता यावे, ही त्यामागची कल्पना होती. या द्रवाच्या सपाट पृष्ठभागावर उभे चुंबकीय क्षेत्र लावले, तर पृष्ठभागावर काट्यांसारखी टोके उभी राहतात. १९६७ मध्ये एम. डी. काउली आणि रोझेन्स्वाइग यांनी या टोकांचे गणित दिले. म्हणजे तेथे चुंबकीय क्षेत्र शांत पृष्ठभागाला अस्थिर करत होते. तेच क्षेत्र मुळात अस्थिर असलेल्या थराला शांत करू शकेल का, असा उलटा प्रश्न पुढे उभा राहिला.

एक्सॉन या तेल कंपनीच्या संशोधन विभागात काम करताना रोझेन्स्वाइग यांनी हे प्रयोग केले आणि १९७९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. रचना तशी साधी होती. नळीत चुंबकीय कण, खालून वायू आणि नळीभोवती तारेची वेटोळी. क्षेत्र काही दहा ते काही शे ओर्स्टेड, म्हणजे आपल्याकडच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या शेकडो पट. पण यात दोन अटी होत्या आणि सगळे मर्म त्या अटींत आहे.

पहिली अट, क्षेत्र सर्वत्र सारखे हवे. विषम क्षेत्रात कण जोरदार क्षेत्राकडे ओढले जातात आणि सगळा थर एका बाजूला गोळा होतो. सारख्या क्षेत्रात कणाच्या दोन्ही टोकांवरची बले समान आणि विरुद्ध असतात. त्यामुळे कण चुंबक तर बनतो, पण कोणत्याही एका बाजूला ओढला जात नाही. दुसरी अट, क्षेत्राची दिशा वायूच्या प्रवाहाला समांतर, म्हणजे उभी हवी.

दिशेला एवढे महत्त्व का? वर्गातले दोन पट्टीचुंबक घ्यावेत. दोघांचे उत्तर ध्रुव वरच्या बाजूला ठेवून ते एकावर एक धरले, तर खालच्याच्या उत्तर ध्रुवासमोर वरच्याचा दक्षिण ध्रुव येतो आणि ते एकमेकांना ओढतात. त्याच स्थितीत ते शेजारी-शेजारी धरले, तर एकमेकांना दूर लोटतात. उभ्या क्षेत्रात थरातील प्रत्येक कण असाच एक उभा चुंबक झालेला असतो. आता थरात एखादी आडवी विरळ पट्टी तयार होऊ लागली, तर तिच्या वरच्या आणि खालच्या कणांचे विरुद्ध ध्रुव समोरासमोर येतात आणि ती फट मिटवू पाहतात. जॅक्सन यांच्या गणितानुसार थराला धोका असतो तो नेमका अशाच, वर सरकत वाढणाऱ्या विरळपणापासून. म्हणजे जेथे दोष उद्भवतो, त्याच दिशेने चुंबकाचे औषध लागू पडते. रोझेन्स्वाइग यांनी थराच्या समीकरणांत चुंबकीय बलाची भर घातली आणि कोणत्या वेगापर्यंत थर स्थिर राहील, याचा अंदाज बांधता येतो हे दाखवले.

परिणाम पाहण्यासारखा होता. थर तोलला जाण्यासाठी लागणाऱ्या वेगाच्या कित्येक पट वेगाने वायू सोडला, तरी एकही बुडबुडा नाही. थर शांतपणे फुगलेला आणि कण जवळजवळ जागच्या जागी. तरीही त्याचा द्रवासारखा स्वभाव गेलेला नाही. तो नळातून वाहतो आणि हलक्या वस्तू त्यावर तरंगतात. त्यामुळे घन कण वरून खाली आणि वायू खालून वर, अशी शिस्तबद्ध समोरासमोरची गाठ घालता येते. वायूतील धूळ अडवणारी गाळणी म्हणूनही असा थर वापरता येतो. मात्र वायूचा वेग ठराविक मर्यादेपलीकडे गेला, की बुडबुडे परत येतात. उलट क्षेत्र फार वाढवले, तर कण एकमेकांना इतके घट्ट धरतात, की थर गोठल्यासारखा होतो आणि वाहणे थांबते. लगाम हातात हवा, पण तो फार आवळूनही चालत नाही.

घर कोठे सापडले?

एवढे सगळे साधल्यावर तेलशुद्धीकरण कारखान्यांत चुंबकांच्या वेटोळ्यांची रांग लागायला हवी होती. तसे झाले नाही आणि त्याची कारणे शिकण्यासारखी आहेत.

पहिले कारण उष्णतेचे. पिअरे क्युरी यांनी १८९५ मध्ये दाखवले, की प्रत्येक लोहचुंबकीय पदार्थाचे एक ठराविक तापमान असते आणि त्याच्यापुढे तो आपले लोहचुंबकत्व गमावतो. लोखंडासाठी हे तापमान सुमारे ७७० अंश सेल्सियस आहे, मॅग्नेटाइटसाठी सुमारे ५८०, तर निकेलसाठी फक्त सुमारे ३५८. तेलाचे रेणू तोडणाऱ्या संयंत्रात कार्बन जाळण्याच्या पात्राचे तापमान ७०० अंशांच्या आसपास असते. मॅग्नेटाइट आणि निकेल तेथे कामाचेच नाहीत. लोखंडाचे चुंबकत्वही तेथे क्षीण झालेले असते.

दुसरे कारण रसायनाचे. या कामाचा उत्प्रेरक सिलिका व अ‍ॅल्युमिनाचा असतो आणि तो चुंबकीय नसतो. त्यात लोखंड मिसळावे, तर लोखंडामुळे नको त्या विक्रिया वाढतात, कार्बन आणि हायड्रोजन जास्त तयार होतो. तिसरे कारण आकाराचे. बोटाएवढ्या नळीभोवती वेटोळे गुंडाळणे वेगळे आणि काही मीटर व्यासाच्या तापलेल्या पात्रात सर्वत्र सारखे क्षेत्र राखणे वेगळे. त्यासाठी तांबे, वीज आणि वेटोळी थंड ठेवण्याची सोय, या सगळ्यांचा खर्च येतो.

चौथे कारण बहुधा सर्वांत मोठे असावे. मूळ प्रश्नाला दरम्यान दुसरे उत्तर मिळाले होते. १९६० च्या दशकात झिओलाइट वर्गातील अतिशय कार्यक्षम उत्प्रेरक आले. विक्रियेला आता काही सेकंदच पुरू लागले. मग बुडबुड्यांच्या थराऐवजी उंच, उभ्या नळीतून कण आणि वाफ एकत्रच वेगाने वर नेण्याची पद्धत रूढ झाली. बुडबुड्यांना आवर घालण्याची गरजच तेथे उरली नाही.

चुंबकीय थराला हवी होती अशी विक्रिया, जिचा उत्प्रेरक स्वतः चुंबकीय आहे, जिला तापमान कमी लागते आणि जिचे मोल असे आहे, की वेटोळ्यांचा खर्च परवडावा. ती मिळाली चीनमध्ये. नायलॉन-६ हा धागा कॅप्रोलॅक्टम या पदार्थापासून बनतो. धागा चांगला हवा, तर कॅप्रोलॅक्टममधील थोडीशी अशुद्धी हायड्रोजनच्या विक्रियेने काढावी लागते. त्यासाठी ढवळणीच्या पात्रात निकेलची बारीक भुकटी वापरली जाई. ही भुकटी हवेत आपोआप पेट घेऊ शकते आणि द्रवातून ती वेगळी काढणेही जिकिरीचे असते. चीनमधील पेट्रोलियम संशोधन संस्थेत मिन एन्झे आणि सहकाऱ्यांनी निकेलचा अस्फटिकी मिश्रधातू उत्प्रेरक म्हणून विकसित केला आणि त्याला चुंबकीय थराची जोड दिली. ही विक्रिया १०० अंश सेल्सियसच्या आसपास होते, निकेलच्या ३५८ अंशांपासून खूप दूर. उत्प्रेरक चुंबकाने जागच्या जागी धरून ठेवल्यामुळे तो द्रवाबरोबर वाहून जात नाही. ही पद्धत प्रत्यक्ष कारखान्यात उतरली आणि २००५ चा चीनचा तांत्रिक शोधांसाठीचा प्रथम श्रेणीचा राष्ट्रीय पुरस्कार या कामाला मिळाला.

अन्यत्रही या कल्पनेने जागा शोधल्या. १९८५ मध्ये अमेरिकेतील मार्क बर्न्स आणि डेव्हिड ग्रेव्ह्ज यांनी चुंबकीय मण्यांच्या अशा थरातून प्रथिने अखंडपणे वेगळी करण्याचे तंत्र मांडले. अंतराळात, जेथे गुरुत्वाचा परिणाम जाणवत नाही, तेथे मुद्दाम विषम क्षेत्र लावून कणांना खाली ओढायचे आणि प्रवाही थर टिकवायचा, यावर ओरेगॉन विद्यापीठांपैकी एकात संशोधन झाले. पृथ्वीवर टाळावी लागणारी विषमता तेथे गुरुत्वाकर्षणाची बदली म्हणून कामी येते.

शोधांचा इतिहास शिकवताना आपण बहुधा प्रश्न आणि उत्तर यांची जोडी लावून मोकळे होतो. इथे मात्र प्रश्न तेलाच्या कारखान्यात जन्मला, त्याच्या उत्तराचे गणित चुंबकीय द्रवाच्या अभ्यासातून आले आणि ते उत्तर कामी आले ते नायलॉनच्या कच्च्या मालासाठी. उत्तर बरोबर होते, पण एका तापमानाच्या आकड्याने आणि एका स्वस्त पर्यायाने त्याची वाट बदलली. ‘चुंबकत्व’ हा धडा संपला, की विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर द्यावा. उभ्या चुंबकीय क्षेत्रात लोखंडाच्या कणांचा थर शांत तरंगतो आहे. वायूचा वेग आणि क्षेत्र तेच ठेवून तापमान हळूहळू ८०० अंशांपर्यंत नेले, तर काय दिसेल? ज्याला ‘बुडबुडे परत येतील’ असे सांगता आले आणि त्याचे कारणही देता आले, त्याला क्युरी तापमानाची व्याख्या वेगळी पाठ करावी लागणार नाही.